प्रवासात फोटोंची दुसरी प्रत म्युझिक प्लेअरवर कशी ठेवायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घरात जुना आयपॉड पडून असेल किंवा गाणी ऐकायला तुम्ही वेगळा प्लेअर घेतलेला असेल तर तो प्रवासात फोटोंच्या बॅकअपला वापरता येतो. लॅपटॉप न्यायची गरज नाही, नेट नसलं तरी चालतं, आणि गाणी तर तुम्ही नेणारच होतात. फक्त कुठला प्लेअर काय करू शकतो आणि काय नाही हे निघायच्या आधी नीट माहीत हवं, कारण यातल्या निम्म्या अडचणी अशा आहेत की त्या घरी दहा मिनिटांत सुटतात आणि रस्त्यात सुटतच नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. २००४-०५ च्या सुमारास लोक हे करायचे ते कार्ड रिकामं करायला. तेव्हा मेमरी कार्डं महाग होती, ५१२ एमबीचं कार्ड असलं तरी माणूस खूश असायचा, त्यामुळे दिवसभराचे फोटो प्लेअरच्या हार्डडिस्कवर ओतायचे, कार्ड पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पुन्हा वापरायचं. म्हणजे फोटो राहायचे एकाच जागी, फक्त जागा बदलायची. याला बॅकअप म्हणत नाहीत. आज कार्डं स्वस्त झालीयेत, तर प्लेअरचं काम बदललंय. कार्डावरचे फोटो कार्डावरच ठेवायचे, प्लेअरवर त्यांची दुसरी प्रत ठेवायची, आणि घरी पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. कार्ड भरलं तर दुसरं घाला. एवढं पाळलंत तर खाली सांगितलेल्यातलं काही थोडं चुकलं तरी फोटो जाणार नाहीत.

फोन असताना हे कशाला असं बरेच जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. फोनमध्ये जागा असेल तर फोनवरही घ्या, चांगलंच आहे. पण फोन दिवसभर वापरात असतो, बॅटरी त्याचीच आधी संपते, जागा व्हॉट्सॅपने खाल्लेली असते, आणि हरवण्यात किंवा चोरीला जाण्यात पहिला नंबर त्याचाच. क्लाउडचं म्हणाल तर एका दिवसाचे वीस-तीस जीबी फोटो मोबाइल डेटावरून चढवणं म्हणजे रात्रभर जागत बसणं. आषाढीच्या वारीत पालखी मुक्कामी असली की लाखो माणसं एका टॉवरवर असतात, साधा फोन लागत नाही. लडाखला तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालतच नाही, पोस्टपेड लागतं, आणि ते असलं तरी लेह सोडलं की रेंजचा भरवसा नाही. अशा ठिकाणी हातातली वस्तूच कामाला येते.

तुमचा प्लेअर कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा

हे समजून घ्यायला एकच मुद्दा पुरे. यूएसबी वायरच्या दोन टोकांपैकी एक मालक असतो आणि दुसरा नोकर. कॉम्प्युटर मालक, तो फाइल मागतो, आणि प्लेअर किंवा कॅमेरा देतो. आता प्लेअर आणि कॅमेरा एकमेकांना थेट जोडले तर दोघंही वाट बघत बसतात, कुणीच काही मागत नाही. म्हणून ज्या प्लेअरला मालक होता येतं, म्हणजे ज्याला यूएसबी होस्ट किंवा ओटीजी म्हणतात ते आहे, तोच कॅमेऱ्यातून किंवा कार्ड रीडरमधून फोटो स्वतः ओढू शकतो. बाकीच्यांना मध्ये कॉम्प्युटर लागतोच.

या हिशोबाने ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट म्हणजे आजकालचे अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर, सोनीचे वॉकमन ए सिरीजमधले नवे, फियोचे एम ११ सारखे, ज्यांना टाइप सी पोर्ट आहे आणि मायक्रो एसडी कार्डाची खाच आहे. नवीन माणसाला मी हेच सुचवीन. यात फाइल मॅनेजर असतो, कार्ड रीडर लावला की फोनसारखंच काम. एक लक्षात ठेवा, याच कंपन्यांचे छोटे स्वस्त प्लेअर अँड्रॉइडवर चालत नाहीत, त्यात हे जमेलच असं नाही, त्यामुळे नुसतं ब्रँड बघून ठरवू नका.

दुसरा गट जुन्या हार्डडिस्कवाल्या आयपॉडचा. २००४ चा आयपॉड फोटो, त्याच्यानंतरचा कलर डिस्प्लेवाला आणि २००५ चा पाचव्या पिढीचा, ज्यात व्हिडिओ दिसायचा, यांच्यासाठी अॅपलने २००५ मध्ये आयपॉड कॅमेरा कनेक्टर नावाचा छोटा पांढरा तुकडा काढला होता. एका बाजूने तो आयपॉडच्या खालच्या रुंद पोर्टात बसतो, दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी. त्यात कॅमेऱ्याची वायर घातली की आयपॉड फोटो ओढून घेतो. मिनी, नॅनो, शफल आणि टच यांना हा कनेक्टर चालत नाही. अजूनही सेकंडहँड मिळतो, पण घेताना आयपॉड सोबत नेऊन लावून बघा. त्याच काळात आयरिव्हरचे एच ३२० आणि एच ३४०, कॉवनचा एक्स ५ हे प्लेअरही होस्ट बनू शकायचे, तुमच्याकडे त्यातला चालू स्थितीतला असेल तर तो जपा आणि वापरा.

तिसरा गट बाकी सगळ्यांचा. सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस, आयपॉड नॅनो, आणि बाजारातले शेकडो छोटे प्लेअर. हे स्वतः काही ओढत नाहीत पण कॉम्प्युटरला लावले की पेनड्राइव्हसारखे दिसतात. होमस्टेच्या मालकाचा कॉम्प्युटर, मित्राचा लॅपटॉप, कुठलाही चालतो. फक्त आयपॉड टच यात धरू नका, तो डिस्क म्हणून वापरता येत नाही.

ओळखायचं कसं? सोपं आहे. टाइप सी प्लेअर असेल तर ओटीजी अॅडॉप्टर लावून एखादा पेनड्राइव्ह जोडा, फाइल दिसल्या तर पहिला गट. नाही दिसल्या तर प्लेअर कॉम्प्युटरला लावा आणि ड्राइव्ह म्हणून दिसतोय का बघा. सान्सासारख्या काही प्लेअरमध्ये सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, त्यात एमटीपी आणि एमएससी असे दोन पर्याय असतात, तिथे एमएससी निवडा म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर साध्या डिस्कसारखा उघडेल.

जागेचा हिशोब

२४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात एक चांगल्या क्वालिटीचा जेपेग साधारण ८ ते १२ एमबी होतो आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबी किंवा जास्त. दोन्ही ठेवत असाल तर एका क्लिकला ४० एमबी धरा. म्हणजे दिवसाला ५०० फोटो काढणाऱ्याला रोज २० जीबी लागणार. ३० जीबीचा आयपॉड कॉम्प्युटरला साधारण २७.९ जीबी दाखवतो (कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने), त्यात गाणी असतील तर उरलं काय. त्यामुळे जुन्या आयपॉडवर फक्त जेपेगची प्रत ठेवा असं मी म्हणेन, किंवा फक्त त्या दिवसातल्या निवडक फोटोंची, रॉचा हट्ट धरू नका. रॉ हवेच असतील तर अँड्रॉइड प्लेअर घ्या आणि त्यात २५६ किंवा ५१२ जीबीचं वेगळं मायक्रो एसडी घाला, गाण्यांचं कार्ड वेगळं आणि फोटोंचं वेगळं ठेवलं तर फारच उत्तम.

कार्ड घेताना बाजारात खोटी कार्डं भरपूर आहेत हे ध्यानात ठेवा. वरती ५१२ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरही ५१२ दाखवतो, आत खरी जागा ३२ जीबीच असते, आणि त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं, कॉपी झाली असं दिसतं पण फाइल उघडत नाही. म्हणून नवीन कार्ड आणलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे फुकट मिळणारे प्रोग्राम चालवून कार्ड पूर्ण भरून तपासा. मोठ्या कार्डाला यात काही तास जातात, रात्री लावून झोपा. बॅकअपचं कार्डच खोटं निघालं तर सगळी मेहनत वाया.

निघायच्या आधी घरी करायची तयारी

हा भाग कुणीही टाळू नये.

प्लेअर कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे ते बघा. आयपॉड मॅकवर सेट केलेला असेल तर तो मॅकच्या फॉरमॅटमध्ये असतो आणि विंडोजवाला कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. विंडोजवर सेट केलेला आयपॉड फॅट ३२ मध्ये असतो, तो दोन्हीकडे उघडतो, प्रवासाला तोच बरा. बदलायचा असेल तर रिस्टोअर करावा लागतो आणि त्यात आतलं सगळं जातं, तेव्हा गाणी आधी काढून ठेवा. फॅट ३२ ची एक मर्यादा आहे, ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यात बसत नाही. फोटोंना काही फरक पडत नाही पण लांबलचक फोरके व्हिडिओ काढत असाल तर ती क्लिप कॉपी होताना अडकेल. ३२ जीबीच्या वरची मायक्रो एसडी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, त्यांना ही अडचण नाही, पण काही जुने प्लेअर एक्सफॅट वाचत नाहीत, तेही आधीच बघून घ्या.

आयपॉडमध्ये आणखी एक करायचं, आयट्यून्समध्ये (मॅकवर आता फाइंडरमध्ये) डिस्क म्हणून वापर चालू करायची खूण असते ती करा, आणि गाणी ऑटोमॅटिक सिंक न ठेवता हाताने भरा म्हणजे मोकळी जागा मोकळी राहते.

इथे एक गैरसमज फार आहे. आयट्यून्समधून फोटो सिंक केले म्हणजे बॅकअप झाला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सिंक करताना आयपॉड स्वतःच्या छोट्या स्क्रीनला पुरतील अशा लहान प्रती बनवतो आणि त्याच ठेवतो, मूळ फोटो जात नाहीत, जोपर्यंत तुम्ही पूर्ण रेझोल्यूशनचे फोटो सोबत ठेवा अशी वेगळी खूण करत नाही. स्क्रीनवर फोटो छान दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. बॅकअप म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी दुसरीकडे असणं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला आयपॉड लावला आणि तिथे आयट्यून्स असेल तर ते विचारतं की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का? नको म्हणा. आणि रिस्टोअर तर कुठल्याही परिस्थितीत नाही.

सामानात काय घ्यायचं: यूएसबी टाइप सीचा कार्ड रीडर (एक जास्तीचा, ही वस्तू हमखास हरवते), प्लेअरची वायर, पॉवर बँक, कार्डांची छोटी डबी, दोन-चार झिपलॉक पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या. पॉवर बँक विमानात चेक इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवा. एअरपोर्टच्या एक्सरेने कार्डाला किंवा प्लेअरला काही होत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरीच एकदा पूर्ण रंगीत तालीम करा. पन्नास फोटो काढा, खाली सांगतो तसे प्लेअरवर घ्या, मग प्लेअर कॉम्प्युटरला लावून ते परत उघडून बघा. परत येणं बघितल्याशिवाय कुठल्याही बॅकअपवर विश्वास ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

अँड्रॉइड प्लेअरवर, रोज रात्री

प्लेअर आणि कॅमेरा दोन्ही निम्म्याच्या वर चार्ज असू द्या. कॅमेरा बंद करून कार्ड काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक छोटीशी सरकपट्टी असते, ती लॉकच्या बाजूला ढकला. ही सवय लावून घ्याच, कारण बहुतेक रीडर ही पट्टी बघून कार्डावर काही लिहू किंवा पुसू देत नाहीत. पण पट्टी न मानणारे रीडरही असतात, तेव्हा कार्ड फॉरमॅट करायचं का असा मेसेज प्लेअरने दाखवला तर हो कधीच दाबू नका. मायक्रो एसडीला ही पट्टी नसते पण त्याच्या मोठ्या अॅडॉप्टरला असते, त्यात घालून वापरा.

आता रीडर प्लेअरला लावा, फाइल मॅनेजर उघडा, कार्डात डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसेल, आत कॅमेऱ्याच्या नावाचं फोल्डर. ते अख्खं सिलेक्ट करून कॉपी करा. कॉपीच, कट किंवा मूव्ह कधीही नाही. मूव्ह करताना मध्येच बॅटरी गेली किंवा वायर हलली तर काही फाइल इकडे काही तिकडे आणि एखादी कुठेच नाही अशी अवस्था होते.

पेस्ट करण्याआधी प्लेअरच्या कार्डावर त्या दिवसाचं फोल्डर बनवा. नाव तारखेचं ठेवा, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि शेवटी कार्ड नंबर, म्हणजे लावताना आपोआप क्रमाने लागतात. फोल्डरचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत द्या, जुन्या प्लेअरना देवनागरी नावं झेपत नाहीत. रोज वेगळं फोल्डर का, तर कॅमेऱ्याचे फाइल नंबर ९९९९ नंतर परत १ पासून सुरू होतात, आणि दोघांचे एकाच कंपनीचे कॅमेरे असतील तर दोघांच्या फाइलींची नावं सारखीच येऊ शकतात. एकाच फोल्डरमध्ये ओतलं तर प्लेअर विचारणार रिप्लेस करू का, आणि हो म्हटलं की पहिला फोटो गेला.

कॉपी चालू असताना स्क्रीन चालू ठेवा, गाणी लावू नका आणि प्लेअर बाजूला ठेवून द्या, कारण बॅटरी वाचवायला काही प्लेअर मागे चाललेलं काम बंद करून टाकतात. झाल्यावर रीडर सेटिंगमधून किंवा वरच्या नोटिफिकेशनमधून इजेक्ट करूनच काढा.

एक छोटी गोष्ट, हजारो फोटो आले की प्लेअरचं गाण्यांचं अॅप ते सगळे चाळत बसतं आणि सुस्त होतं. फोटोंच्या मुख्य फोल्डरमध्ये डॉट नोमीडिया (.nomedia) नावाची रिकामी फाइल बनवून ठेवली की अँड्रॉइड ते फोल्डर चाळत नाही. मग फोटो गॅलरीत दिसणार नाहीत, फाइल मॅनेजरमधून उघडावे लागतील, त्याने घाबरू नका.

जुन्या आयपॉडवर, कॅमेरा कनेक्टरने

आयपॉड पूर्ण चार्ज करून घ्या. कनेक्टर लावला की खालचं पोर्ट अडतं, म्हणजे फोटो घेताना चार्जिंग करता येत नाही, आणि हार्डडिस्क सतत फिरत असल्याने बॅटरी भराभर उतरते. कॅमेऱ्याची बॅटरीही तेवढीच भरलेली हवी, कारण तोही पूर्ण वेळ चालू राहणार आहे.

कॅमेरा यूएसबी वायरने कनेक्टरला जोडा आणि चालू करा, आयपॉडवर इम्पोर्टचा स्क्रीन येतो. नाही आला तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बदलून बघा, पीटीपी असेल तर मास स्टोरेज, तो असेल तर पीटीपी. इम्पोर्ट दाबा आणि थांबा. हे काम हळू चालतं, खरंच हळू, आजच्या वेगाची सवय असेल तर अडकलंय असंच वाटेल, पण आकडा पुढे सरकत असेल तर चाललंय असं समजा आणि जेवून या. काम झाल्यावर कार्ड पुसायचा पर्याय समोर येतो, त्याच्याकडे बघूसुद्धा नका, सरळ डन करा. प्रत्येक वेळचे फोटो वेगळ्या रोल नंबरने राहतात, तो नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवा. रॉ फाइल असतील तर त्या आयपॉडच्या स्क्रीनवर दिसतीलच असं नाही.

घरी आल्यावर आयपॉड कॉम्प्युटरला डिस्क म्हणून लावला की त्यातही डीसीआयएम नावाचं फोल्डर असतं, फोटो त्यात मिळतात.

कॅमेऱ्याऐवजी कार्ड रीडर लावता येतो का? काही चालतात, काही नाही. कनेक्टरमधून मिळणारी वीज बेताची असते, जास्त वीज खाणारे रीडर चालू होत नाहीत. घरच्या तालमीतच हे कळेल.

कॉम्प्युटर मध्ये घेऊन

यात फार सांगण्यासारखं नाही. कार्ड लॉक करून रीडरमध्ये घाला, प्लेअर दुसऱ्या पोर्टात, एका खिडकीतून दुसरीत कॉपी. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असू शकतो, लॉक पट्टीमुळे निदान कार्ड तरी बहुधा वाचतं. फोटो त्या कॉम्प्युटरवर उतरवून मग प्लेअरवर टाकू नका, थेट टाका, नाहीतर तुमचे घरचे फोटो तिथे मागे राहतील. आयपॉडच्या स्क्रीनवर डिस्कनेक्ट करू नका असं लिहिलेलं असेपर्यंत वायर उपटायची नाही.

कॉपी खरंच झाली का

बहुतेक लोक इथेच घाई करतात. छोटी चित्रं दिसली की झालं असं समजतात. पण जेपेग फाइलच्या अगदी सुरुवातीला एक छोटं चित्र वेगळं साठवलेलं असतं, आणि प्लेअर यादी दाखवताना तेच दाखवू शकतो. फाइल अर्धीच कॉपी झाली असली तरी ते छोटं चित्र व्यवस्थित दिसतं आणि मोठं करायला गेलं की खालचा भाग राखाडी. म्हणून तीन गोष्टी बघा. कार्डातल्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये किती फाइल आहेत आणि एकूण किती बाइट आहेत, तेच दोन आकडे प्लेअरवरच्या फोल्डरचे जुळतात का. मग पहिला, मधला आणि शेवटचा फोटो पूर्ण उघडून झूम करून बघा. शेवटचा नक्की, कारण तुटलं असेल तर बहुधा शेवटाकडेच तुटतं. आयपॉडवर बाइट बघता येत नाहीत, तिथे फोटोंचा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्याशी जुळवा.

जुळलं की कार्डाच्या डबीवर किंवा वहीत टिकमार्क. पट्टी अनलॉक करून कार्ड कॅमेऱ्यात परत, पुसायचं मात्र नाही.

उंची, पाऊस, थंडी

हार्डडिस्कवाल्या आयपॉडबद्दल एक गोष्ट लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी नीट वाचा. हार्डडिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीच्या किंचित वर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. उंचीवर हवा विरळ, थर कमी, टोक तबकडीला घासायचा धोका. अॅपलने स्वतःच या आयपॉडना वापराची कमाल उंची ३००० मीटर दिलेली आहे. कळसूबाई १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १४२४, म्हणजे सह्याद्रीत कुठेही बिनधास्त वापरा. पण लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, आणि खारदुंगला ५३५९. तिथे हार्डडिस्क फिरवणं म्हणजे फोटो धोक्यात घालणं. लडाखला फ्लॅश मेमरीचाच प्लेअर न्या. जुना आयपॉडच न्यायचा असेल तर त्यातली हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्ड बसवायचे आयफ्लॅश नावाचे बोर्ड मिळतात, ते काम येणाऱ्याकडून करून घ्या आणि मग कॅमेरा कनेक्टर त्याच्याबरोबर चालतोय ना तेही तपासा. हार्डडिस्कला धक्काही सोसत नाही, एसटीत किंवा जीपमध्ये चालत्या गाडीत इम्पोर्ट लावू नका, मुक्कामावर पोचून टेबलावर किंवा अंथरुणावर ठेवून करा.

थंडीत बॅटरी लवकर बसते. रात्री प्लेअर आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत आपल्याजवळ ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून एकदम गरम खोलीत आणलं की आत दव धरतं, तर वस्तू झिपलॉकमध्ये बंद असतानाच आत आणा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

वारीला जाणाऱ्यांनी पावसाचा विचार आधी करावा. दिवेघाट चढताना वरून पाऊस आणि आजूबाजूला दाटी, कॅमेरा आपण जपतो पण खिशातला प्लेअर भिजतो. झिपलॉक, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती पिशवी कमरेच्या पाऊचमध्ये. चार्जिंग हा तिथला सगळ्यात मोठा प्रश्न, मुक्कामाच्या गावात एका बोर्डाला वीस फोन लागलेले असतात, त्यामुळे पॉवर बँक मोठी घ्या आणि कॉपी रात्री न करता दुपारच्या विसाव्याला उरका, तेव्हा उजेड असतो आणि आपण थोडे जागे असतो.

आणि कार्डं आणि प्लेअर कधीही एकाच पिशवीत ठेवू नका. दिंडीच्या ट्रकमध्ये सामान जातं त्यात एक आणि अंगावर एक, किंवा सोबत्याच्या सॅकमध्ये एक. दोन्ही प्रती एकाच बॅगेत असतील आणि बॅग गेली तर दोन प्रती असून उपयोग काय.

घरी आल्यावर

पाय धुतले की लगेच नाही तरी त्याच आठवड्यात हे करा. कार्डांवरून सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्या, प्लेअरवरून नाही, कारण मूळ कार्डावर आहेत. टेराकॉपीसारखा प्रोग्राम वापरलात तर कॉपी झाल्यावर फाइल पडताळूनही देतो. मग एका बाहेरच्या हार्डडिस्कवर दुसरी प्रत. एखादं कार्ड वाचलंच नाही तर त्या दिवसाचं फोल्डर प्लेअरवरून घ्या, वहीतल्या खुणेवरून लगेच सापडेल. आणि न वाचणाऱ्या कार्डावर नवीन काहीही लिहू नका, फॉरमॅटही करू नका, ते तसंच बाजूला ठेवलं तर रिकव्हरीची शक्यता राहते.

कॉम्प्युटर आणि बाहेरची डिस्क, दोन्हीकडे फोटो उघडून बघितलेत, आकडे जुळलेत, मगच कार्डं कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवरून डिलीट करण्यापेक्षा कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं बरं, कार्ड त्याला हवं तसं तयार होतं. प्लेअरवरचे फोटो सगळ्यात शेवटी काढा, आणि तिथे पुन्हा गाणी भरा.